सुतळीनं मोजलेला टीव्ही

आमच्या घरात मोठा टीव्ही आला तो हौस म्हणून नाही. सूड म्हणून आला. उगाच गोड बोलून काय करायचं? कोळवणच्या बाजूला आमचं घर, आणि त्याच अंगणात पलीकडं थोरल्या दिरांचं. मधे तुळस. तुळशीच्या पलीकडं माझी जाऊबाई. तोंडावर मी तिला अक्का म्हणते. पाठीमागं काय म्हणते ते इथं लिहिता येणार नाही.

सासरे थोरल्यांकडं राहतात. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. तरुणपणी हुतूतूत, म्हणजे आताच्या कबड्डीत, त्यांचं नाव होतं. माझी पोरगी सात वर्षांची असताना त्यांनी ह्याच अंगणात चुन्याच्या फक्कीनं रेघ ओढली आणि तिला म्हणाले, "ही रेघ. हिकडनं जायचं, मारायचं, आन् जित्तं परत यायचं." पाठ फिरवून पळतोय असं दाखवायचं आणि मागच्या मागं लाथ मारायची, ही त्यांची खोड. ती त्यांनी तिच्या अंगात मुरवली. पोरगी शाळेतून तालुक्याला गेली, तालुक्यातून जिल्ह्याला, आणि मागच्या वर्षी राज्याच्या स्पर्धेत उतरली. मॅच टीव्हीवर दाखवणार होते.

आमच्याकडं तेव्हा जुना डबा टीव्ही. त्यावर ते चॅनल लागायचं नाही. थोरल्यांनी डोंगराकडची जमीन पुण्याच्या लोकांना फार्महाऊससाठी विकली होती, तेव्हापासून त्यांच्या भिंतीवर हा एवढा सपाट टीव्ही चढला होता. त्यावर सगळं लागायचं. मी कामं उरकली, धुतलेली साडी नेसले, वाटीत पेढे घेतले आणि चारच्या ठोक्याला त्यांच्या दारात उभी राहिले.

जाऊबाई दारातच आडवी. हातात रिमोट. मागं टीव्ही काळा.

"अक्का, मॅच लागली असंल की. पोरगी खेळतीया आज."

"अगं बाई! रिचार्ज संपलाय की कालच," ती म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

आबा मागं कॉटवर बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. म्हटलं, हे तरी काही बोलतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं, काळ्या टीव्हीकडं बघितलं, मग खाली मान घातली. मी पेढ्याची वाटी तशीच घेऊन पायरी उतरले. तुळशीपर्यंतसुद्धा पोचले नव्हते, तोच मागं शिट्टी वाजली, माणसं ओरडली आणि माझ्या पोरीचं नाव त्या टीव्हीतून माझ्या पाठीवर येऊन पडलं. पोरगी चढाईला गेली होती. आणि मी, तिची आई, तुळशीपाशी उभी होते.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. ते पेढे मी कुत्र्याला घातले.

जाऊबाईचं जाऊ द्या, ती तशीच आहे. माझ्या पोरीचं कौतुक माझ्यासमोर बघायला तिला जड गेलं असणार. पण आबा? ज्यांनी पोरीला रेघ आखून दिली ते? त्यांना कमी ऐकू येतं असं घरात म्हणायचे. मला विचाराल तर म्हाताऱ्याला हवं तेवढं बरोबर ऐकू यायचं. ताट वाढलं की पहिल्या हाकेला उठायचे. सुनेनं डोळ्यांदेखत खोटं सांगितलं तेव्हाच बरे कान बंद झाले! त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. अंगणात समोर आले तरी मी आपली सुपातले तांदूळ बघायची.

आणि मनात दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, हिच्यापेक्षा मोठा टीव्ही माझ्या भिंतीवर लागेल. दुसरी, एक दिवस तेच वाक्य मी तिच्या तोंडावर फेकीन. भांडी घासताना मी ते म्हणून बघायची. "अगं बाई! रिचार्ज संपलाय की कालच." आमच्या ह्यांनी एकदा ऐकलं तर म्हणाले, "कुणाशी बोलतीस?" म्हटलं, कढईशी.

मोठा टीव्ही म्हणजे किती मोठा? ते तिच्या घरात शिरल्याशिवाय कळणार कसं? पण आमच्याकडं भाऊबंदकी कितीही असू द्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणं आलंच पाहिजे आणि आपण गेलंच पाहिजे. नाहीतर गावभर होतं. मी गेले. ब्लाऊजमध्ये सुतळीचा गुंडा घेऊन गेले. बायका आत वाण बघायला वळल्या, तशी मी टीव्हीच्या ह्या कडेला सुतळी धरली, त्या कडेपर्यंत नेली, गाठ मारली आणि परत ब्लाऊजमध्ये. वर तिच्या हातून हळदीकुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, गोड गोड बोलायचं कबूल केलं.

घरी ह्यांनी गवंड्याच्या टेपनं सुतळी मोजली. अठ्ठेचाळीस इंच भरली. मी तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला.

पाडव्याच्या आधी आम्ही पौडच्या एसटीत बसलो आणि पुढं पुण्याच्या अंगाला एका मोठ्या दुकानात गेलो. बापरे, काय ते दुकान! भिंत भरून टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच पोपट. तोच पोपट पन्नास ठिकाणी मान हलवतोय. विकायला उभा असलेला पोरगा हिंदीत सुरू झाला, फोर के आहे, अमकं आहे, तमकं आहे. मी म्हटलं, "बाबा, पोपट बंद कर. कबड्डी लाव."

"आंटी, ये डेमो है."

"मग असू दे. मला पोपट घ्यायचा नाही. कबड्डी लाव, आणि खेळणारीच्या पाठीवरचा नंबर इथून वाचता आला पाहिजे."

ह्यांना लाज वाटायला लागली. ते फ्रिज बघायला निघून गेले. पोराला बिचाऱ्याला खटपट करून मोबाइलवरची कबड्डी लावावी लागली. मी एकेका टीव्हीपासून आठ पावलं मागं जायची, कारण आमच्या घरात भिंतीपासून कॉट आठ पावलांवर आहे, आणि तिथून नंबर मोठ्यानं वाचायची. सात. अकरा. तीन. एकावर चेहरे तांबडे भडक, जसं कुंकू सांडलंय. एकावर पळणाऱ्याच्या मागं धूर निघतोय. एक मात्र असा लागला की खेळणाऱ्या पोरीच्या गुडघ्यावरची खरचटलेली जागासुद्धा दिसली. मला माझ्या लेकीचे गुडघे आठवले आणि मी म्हटलं, हाच.

"कितनी साइज?" पोरानं विचारलं.

मी ताठ उभी राहिले. "आमच्या भाऊबंदांचा अठ्ठेचाळीसचा आहे. त्याच्यापेक्षा मोठा दे."

"तो फिर पचास ले लो."

घेतला. दोन इंचांनी का होईना, मोठा. घरी येताना खोकं जीपच्या टपावर बांधलं होतं आणि मी प्रत्येक वळणाला बाहेर डोकं काढून बघत होते. अंगणात खोकं उतरवलं ते मुद्दाम तुळशीच्या पलीकडच्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, भिंतीला भोकं पाडली, टीव्ही चढवला. मी नारळ वाढवला, टीव्हीला हळदकुंकू वाहिलं. जाऊबाई पदर सावरत बघायला आलीच. डोकं इकडं केलं, तिकडं केलं, आणि म्हणाली, "झाक हाय गं. पर आमच्यापरीस बारका वाटतोया, व्हय ना?"

ती गेली तशी मी सुतळी काढली. ह्या कडेला धरली, त्या कडेपर्यंत नेली. मूठभर सुतळी उरली! परत धरली. परत मूठभर उरली. कंपनीचा माणूस हत्यारं भरत होता, तो हसला. म्हणाला, "मावशी, टीव्ही असा मोजत नाहीत. तिरका मोजतात. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. त्यांचा पंचावन्नचा असणार."

"तिरका? कुणी ठरवलं हे?" मी त्याच्यावरच भडकले. आम्ही दार मोजतो, खाट मोजतो, वावर मोजतो. जन्मात कधी काही तिरकं मोजलं नाही. आणि टीव्ही मेला तिरका मोजायचा! भिंतीवर चढलेला टीव्ही दुकानदार परत घेईना. ह्यांनी तोंड दाबून हसून घेतलं. दोन दिवस मी त्यांच्याशीही बोलले नाही.

पण देव आहे. वळवाच्या पावसात एकदा वीज अशी कडाडली की जाऊबाईचा पंचावन्न इंची टीव्ही आतल्या आत जळाला. मी आमचा प्लग आधीच काढून ठेवला होता. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली. त्यांचा टीव्ही दुरुस्तीला गेला तो आज येतो, उद्या येतो. आणि पोरीची पुढची मॅच आली, ह्या वर्षीची.

चार वाजता मी टीव्ही लावला. आवाज पार शेवटपर्यंत वाढवला, अंगणात घुमेल इतका. मला माहीत होतं, ती येणार. हे कामावर गेले होते, घरात मी एकटी. पावलं वाजली. मी दारात जाऊन आडवी उभी राहिले. रिमोट हातात.

जाऊबाई होती. पण ती मागं होती. पुढं आबा, तिच्या हाताला धरून, डोक्यावर स्वच्छ टोपी घालून.

"पोरगी खेळतीया म्हनं," आबा म्हणाले. "गेल्या साली तू दारातनंच माघारी गेलीस. आज दोगं संगं बघू."

म्हटलं, बघा, बघा सोंग! जसं काही ह्यांना माहीतच नाही मी का माघारी गेले. मी जाऊबाईच्या डोळ्यांत डोळे घातले आणि आबांना मोठ्यानं सांगितलं, "रिचार्ज संपलाय की कालच!"

माझ्या मागं, दारातून न दिसणाऱ्या भिंतीवर, तो टीव्ही बोंबलत होता. शिट्टी, ढोल, सगळं. जाऊबाईचं तोंड लाल झालं. मला असं वाटलं, आत्ता ह्या क्षणी मेले तरी चालेल.

आबांनी कानामागं हात धरला. "क्काय संपलंय?"

"रिचार्ज!"

"रिचार्ज व्हय," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे मग. तू जिवाला लावून घिऊ नगं." आणि ते वळले. मागं टीव्हीतून त्यांच्या नातीचं नाव घेत होते, सगळ्या अंगणाला ऐकू जात होतं, गोठ्यातल्या म्हशीनं कान टवकारले होते, आणि आबा एकेक पायरी चाचपत उतरत होते. त्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. गेल्या वर्षी, त्या दिवशीही आलं नव्हतं.

हाक मारायला हवी होती. जाऊबाईसमोर मारवेना. ती त्यांना घेऊन गेली, मी आत आले. पोरगी चढाईला होती. तिनं पाठ फिरवली, पळाल्यासारखं केलं आणि मागच्या मागं लाथ मारली. दोन गडी बाद. तिच्या कपाळावरचा घाम दिसत होता, पाठीवरचा नंबर दिसत होता. ज्यासाठी टीव्ही घेतला ते सगळं दिसत होतं, आणि मला काही गोड लागेना.

संध्याकाळी पोरीचा फोन. "आई, आबांनी बघितलं? मी मुद्दाम त्यांची लाथ मारली."

"बघितलं की," मी म्हटलं. "माझ्या शेजारी बसून बघितलं."

"काय म्हणाले?"

म्हटलं, "लई खूश झाले." फोन ठेवला आणि माझाच मला राग आला. सूड उगवला होता मी जाऊबाईवर, आणि दंड भरला होता म्हाताऱ्यानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच मॅच परत लागणार होती. मी तुळस ओलांडली. जाऊबाई दारात, हात चौकटीला लावून.

"आबांना न्यायला आले," मी म्हटलं.

"झोपल्यात," ती म्हणाली. पापणी हलली नाही. तिच्या खांद्यावरून मला कॉट दिसत होती. आबा त्या कॉटवर चांगले टक्क जागे बसले होते. मला बघून त्यांनी हात वर केला.

आदल्या दिवशीपर्यंतची मी असते तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. मी तिचा हात चौकटीवरून काढला, आत गेले आणि आबांच्या कानाशी तोंड नेलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या इतक्या जवळ गेले होते.

"आबा, चला! पोरगी लागलीया टीव्हीवर!"

त्यांचं तोंड उजळलं. टोपी चाचपत ते उठले, माझा हात धरला आणि मोठ्यानं, घरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "मारलास व्हय रिचार्ज?"

जाऊबाईनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. दोघींनीही खाली मान घातली.

"व्हय, आबा," मी त्यांच्या कानात ओरडले. "मारला."