चूक झाली की केली

सलग तिसऱ्या महिन्यात, पहिल्या रविवारी, पप्पा चर्चमधल्या बाकावरून उठले नाहीत. आमच्या रांगेतले लोक प्रभुभोजनासाठी पुढे कठड्याकडे निघाले, तेव्हा प्रत्येकाला त्यांच्या गुडघ्यांशी अडखळत वाट काढावी लागली. जो तो "माफ़ कीजिएगा" म्हणत गेला. मागच्या बाकावरच्या बाईंनी मला बाहेर गाठून विचारलं, "बाबूजी की तबियत?" तबियत उत्तम होती. सकाळी त्यांनी दोन थालीपिठं खाल्ली होती.

अडचण शास्त्राची, म्हणजे बायबलची होती. नाश्त्याआधी ते मोठ्यानं वाचायचं, ही आमच्याकडे नगरहून आलेली पद्धत. चर्च हिंदी, शेजार हिंदी, माझी मुलगीही मराठी ऐकून उत्तर हिंदीत देते. शास्त्र तेवढं मराठीत. एका सकाळी पप्पा वाचता वाचता थांबले. मजकूर असा, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. हा उतारा त्यांनी आयुष्यात अनेकदा वाचला होता. त्या दिवशी चष्मा काढून त्यांनी मला फ्रीझरची गोष्ट सांगितली.

पप्पा इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. तीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीझरचं दार रात्रभर उघडं राहिलं आणि दोन हंगामांचे नमुने खराब झाले. चौकशीत पप्पांनी सहायकाचा निष्काळजीपणा असं लिहून दिलं. त्याची बढती अडली. आठवड्याभरानं पप्पांना आठवलं, की त्या संध्याकाळी फ्रीझरमधून नमुन्यांचं एक पाकीट काढायला ते स्वतः परत गेले होते. ते गप्प राहिले.

"तो आपल्या चर्चचा नाही," मी म्हटलं. "भाऊ कसा?"

"शास्त्रात पत्ता दिलेला नाही."

सहायक निवृत्त होऊन शहरातच, निशातगंजला राहत होते. माझी सुट्टी मंगळवारी. तो मंगळवार गाडी लावायला जागा शोधण्यात गेला. अखेर एका दुकानदारानं दहा मिनिटांसाठी परवानगी दिली आणि आम्ही दीड तास बसलो. सहायकांनी पप्पांना हाताला धरून आत नेलं, पंख्याखालची खुर्ची दिली, शरबत मागवलं.

"वो फ्रीज़र वाली बात," पप्पांनी सुरुवात केली.

"अरे साहब, कौन-सा फ्रीज़र! आप हमारे बड़े हैं. नमकपारे लीजिए."

"ग़लती मेरी थी."

"शर्मिंदा मत कीजिए. लीजिए, घर के बने हैं."

पुढच्या मंगळवारी हेच पुन्हा झालं, फक्त नमकपाऱ्यांच्या जागी शेवयांची खीर होती. या शहरात माणूस वाट मागतानाही माफी मागतो. त्यामुळे ती खरोखर मागायची वेळ आली, की कुणाला ऐकूच येत नाही.

परतीच्या वाटेवर मी चिडले. "त्यांच्या मनात काही नाही, असं ते स्वतः दोनदा म्हणाले. अटीप्रमाणे तुम्ही मोकळे आहात."

"तसं त्यांची सभ्यता म्हणाली. ते स्वतः कुठं बोललेत अजून?"

"मग काय करायचं? कोर्टात जायचं?"

"लिहून द्यायचं. खोटं लिहून दिलं होतं ना? तू बातमीवाली, तू मसुदा कर."

दुरुस्त्या लिहिणं हे वृत्तपत्राच्या डेस्कवर माझं कामच आहे. पाच मिनिटांत हिंदीत लिहून दिलं: असावधानीवश त्रुटि हुई, जिसका खेद है.

पप्पांनी कागद दूर धरून वाचला. "त्रुटि हुई? कुणाकडून? वारा आला होता का?"

"छापताना असंच लिहितात, पप्पा."

"म्हणूनच कुणी वाचत नाही. अगं, चूक झाली म्हणणं वेगळं आणि मी केली म्हणणं वेगळं. झाली म्हटलं की पश्चात्ताप कुणी करायचा? चुकीनं?"

मला राग आला. काही महिन्यांपूर्वी आलमबागच्या एका शिक्षिकेचा फोटो मी फसवणुकीच्या बातमीला लावला होता. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर अगदी हेच वाक्य छापलं. त्यांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी सांगितलं, खुलासा दिलाय, पान पाहा.

पप्पांनी कागद पुन्हा लिहिला. दार मी उघडं ठेवलं. दोष तुमच्यावर मी टाकला. कळल्यावरही मी गप्प राहिलो. तीन वाक्यं, तिन्हींत मी.

तिसऱ्या मंगळवारी सहायक खायला आणायला आत निघाले, तेव्हा पप्पांनी कागद पुढे केला. "पहले यह पढ़िए. आप मुझे माफ़ी माँगने ही नहीं देते. किससे माँगूँ फिर?" आवाज चढला होता. पाहुण्यानं यजमानावर ओरडणं या घरात बहुधा पहिल्यांदाच घडत असावं.

सहायक बसले. त्यांनी दोनदा वाचलं. मग कागदाकडे बघतच म्हणाले, "साहब, मैंने शाम को दरवाज़ा बंद किया था. आपको उसी दिन बताया भी था."

"हाँ. आपने बताया था."

"आपने सुना नहीं."

"नहीं सुना."

"बहुत बुरा लगा था, साहब. बरसों लगा."

आतून पाण्याच्या मोटरचा आवाज येत होता. ती बंद झाली. सहायकांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. "मैंने माफ़ किया," ते म्हणाले. 'कोई बात नहीं' म्हणाले नाहीत. मग खायला आणायला आत गेले.

गाडीत पप्पांनी विचारलं, "पहिला रविवार कधी आहे?"

"पाच दिवसांनी."

"हं," म्हणाले आणि निशातगंज संपायच्या आत झोपले.

रविवारी आमच्या रांगेची पाळी आली. पप्पा काठी टेकून पहिले उठले. मला उठता आलं नाही. "चल ना," ते हळूच म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी कारण विचारलं नाही. शिक्षिकेची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती, तरी विचारलं नाही. याचाही मला राग आला. या वेळी गुडघे वळवून वाट द्यायची वेळ माझी होती. ते गेले, मागोमाग इतर "माफ़ कीजिएगा" म्हणत गेले.

मंगळवार परवाच होता. शिक्षिकेच्या आलमबागला मेट्रो जाते. निदान गाडी लावायचा प्रश्न नव्हता.