नितीनची बंडी

बुकित पंजांग या बारमाही उकाड्याच्या परदेशी उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमधलं कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांच्या वासासकट तो जुना लष्करी कोट हाती आला. इंग्लंडात शिकताना मी आणि नितीन हौसेनं पहिल्या महायुद्धातले मराठा शिपाई व्हायचो, मैदानात खोटी लढाई लढायचो. नियम कडक होता, आतूनसुद्धा आजचं थर्मल चालायचं नाही. एकदा बर्फात मी कोटाखाली वर्तमानपत्रं कोंबली होती. नितीनच्या अंगात मात्र आमच्या वर्गातल्या मेधानं विणलेली लोकरीची बंडी होती.

"हात लावून बघ, कसली ऊब आहे!" तो म्हणाला. मी जळून खाक झालो, पण कुडकुडणं थांबलं नाही.

आज मेधा माझी बायको आहे. परवा तिला म्हटलं, "ऑफिसच्या एसीत फार गारठतो गं."

मोबाइलमधून मान वर न काढता ती म्हणाली, "मग जॅकेट घे की विकत."