आईच्या अंगठ्याची दोरी

आई भिंतीला टेकून बसली, की तिचा उजवा पाय हलायला लागायचा. सगळा पाय नव्हे, घोट्याखालचा. पुढं, मागं, पुढं, मागं, अगदी सावकाश. दुपारची भाकरी खाऊन ती ओसरीत पाय लांब करायची, डोळे मिटायची आणि थोड्या वेळात ते सुरू व्हायचं. मुरुमजवळच्या आमच्या गावात त्याला कुणी वात म्हणालं, कुणी वारं म्हणालं. उमरग्याच्या दवाखान्यातून वडिलांनी गोळ्या आणल्या. गोळ्यांनी आईचं पोट तेवढं बिघडलं, पाय हलायचा तो हलतच राहिला.

शेजारणींनी देवऋष्याचा विषय काढला तेव्हा वडील ताडकन बोलले, "सोडलेल्या वाटंला परत जायाचं न्हाय. आपल्या घरात अंगारा शिरनार न्हाय." आमचं घर बौद्ध, भिंतीवर बुद्धाची तसबीर. वडील ढोकीच्या साखर कारखान्यावर हंगामी कामगार होते आणि त्या पगारातून मला उमरग्याच्या कॉलेजात शिकवत होते. मी मानसशास्त्र घेतलं तेव्हा म्हणाले, "मनाचं शास्तर हाय ना? मंग तूच बघ तुझ्या मायला काय झालंय." देव काढून टाकलेल्या घरात देवाची सगळी कामं अशी माझ्या पुस्तकांवर येऊन पडली.

खरं तर काय झालं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. माझा धाकटा भाऊ तेव्हा अंगावर पिणारा. बायकांनी बाभळीखाली काठ्यांची तिकाटणी उभी करून लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या होत्या. झोळीला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक आईच्या पायाच्या अंगठ्याला. हात हातोडा चालवायचे, पाय पोराला झोका द्यायचा. मुकादमाला हात चालताना दिसले म्हणजे झालं.

पोराला हगवण लागली होती. त्या दिवशी सकाळभर रडलं आणि मग गप्प झालं. शेजारची बाई आईला म्हणाली, "गुणाचं हाय गं लेकरू. रडत न्हाय." आईलाही बरं वाटलं असणार. निजलंय तर निजू दे म्हणून ती दोरी हलवत राहिली. मी कामावर फुकट वाटायच्या खाण्याच्या रांगेतून पानावर सुकडी घेऊन आले तेव्हा सुटी होत आली होती. आईनं झोळी उघडली आणि तिथंच खाली बसली. ती रडली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

कॉलेजातले आमचे मानसशास्त्राचे सर शेतकऱ्याच्या घरातले. अबोध मन शिकवताना त्यांनी पुस्तक मिटलं आणि पेवाचं उदाहरण दिलं. जमिनीत धान्य साठवायचं पेव असतं, वरून सारवलेलं, माणसं त्यावरून येतात-जातात. आत जोंधळा आंबत असतो. उघडून एकदम उतरलात तर आतल्या वाफेनं जीव जातो. अबोध मनाची कल्पना ज्या परदेशी डॉक्टरनं मांडली त्याचं म्हणणं हेच, की नकोशा इच्छा आणि लहानपणीची दुःखं माणूस असल्या पेवात घालून तोंड बुजवतो, आणि ती मग भलत्याच वाटेनं वर येतात. कुणाचा हात लुळा पडतो, कुणाची वाचा जाते. बोलतं करा, वाफ जाऊ द्या, दुखणं जाईल.

मला बाकावरून उठून पळत घरी जावंसं वाटलं. कुणाचा पाय हलतो, असं सर म्हणाले नाहीत इतकंच.

त्या डॉक्टरचे दोन सोबती पुढं त्याच्याशी भांडून वेगळे झाले. एक म्हणाला, पेव खरं, पण त्याच्याही खाली सगळ्या गावच्या विहिरींना मिळून एकच झरा असतो. आई, मरण, काळोख यांची चित्रं आपण जन्मताना बरोबरच आणतो, ती स्वप्नात दिसतात. दुसरा म्हणाला, मागचं काय उकरता, माणूस कुठं निघालाय ते बघा. प्रत्येकाला आपण कुठं तरी कमी आहोत असं वाटतं आणि ती उणीव भरून काढायला तो सगळा खटाटोप करतो. त्याच्या दुखण्यालासुद्धा काही तरी हेतू असतो. परीक्षेत 'तुलना करा' आलं. मी पानंच्या पानं लिहिली आणि उन्हाळ्याच्या सुटीत ती सगळी तुलना घेऊन घरी आले.

पहिल्या डॉक्टरपासून सुरुवात केली. दुपारी आईच्या मागं बसले आणि म्हणाले, "माय, मनात येईल ते बोल. काही गाळू नको." आई बोलायला लागली. हापश्याला पाणी गढूळ येतंय, शेजारच्या शेळीनं वाळवण खाल्लं, तुझं वजन उतरलंय, कॉलेजात खाती का न्हाय? तासभर मीच तपासली गेले.

मग झरा सांगणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरकडं वळले. "तुला स्वप्नं काय पडतात?" आई म्हणाली, "सपान पडाया झोप लागावी लागती." मी ते हसण्यावारी नेलं. मग हेतू बघणाऱ्या तिसऱ्याप्रमाणं दुखण्याचा फायदा शोधत बसले. पाय हलवून तिला मिळत काय होतं? कुणी कौतुक करत नव्हतं, काम चुकत नव्हतं. एक भाकरीसुद्धा जास्तीची मिळत नव्हती.

शेवटी एके दुपारी मला राहवलं नाही. ओसरीत तिचा पाय हलत होता, डोळे मिटलेले होते. मी दोन्ही हातांनी तो पाय धरला आणि थांबवला.

आईनं डोळे उघडले नाहीत. हळूच म्हणाली, "सोड. उठंल त्यो."

माझे हात आपोआप सुटले. पाय पुन्हा हलायला लागला.

"माय, तू जागी आहेस?"

"जागीच असते की. मीच हलवते."

"कशाला पण?"

ती म्हणाली, "पाऊस पडल्यावर पाळन्यात घालू म्हनाले हुते तुझे वडील. घरात गोड करायला काय बी नव्हतं. तसंच गेलं बघ, बिननावाचं. नाव असतं तर मनातल्या मनात हाक मारली असती. काय म्हनून हाक मारू? मंग हलवते."

मी रडायला लागले. रडत रडतच म्हणाले, "आपण आता ठेवू नाव. तू सांग, कुठलं ठेवायचं." तिनं मान हलवली. "नाव ठेवायचं तर झोळीतनं काढून पाळन्यात घालावं लागतं बाई. झोळी उघडली की त्यो मेला."

त्या तीन डॉक्टरांचं भांडण मला तोंडपाठ होतं. पण एका गोष्टीवर तिघांचं एकमत होतं, की माणसाला आपल्या आतलं पुरतं माहीत नसतं. माझ्या आईला सगळं माहीत होतं. तिनं काहीच बुजवलं नव्हतं. बुजवलं होतं ते बाकीच्या घरानं, आणि ती त्या पेवाशी एकटीच बसून होती. वडिलांनी संध्याकाळी विचारलं, "काय कळलं का?" मी म्हणाले, "तिला काही झालेलं नाही. गोळ्या बंद करा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आईच्या पायाकडं पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ते आधीपासून ठाऊक होतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी आई उमरग्याच्या दवाखान्यात शेवटची पडून होती. तिची शुद्ध गेली होती. श्वास चालू होता, पण पाय हलत नव्हता. इतक्या वर्षांत तो असा निपचित मी पहिल्यांदाच पाहिला. दुपार होती, तिची ओसरीत टेकायची वेळ. मी खाटेच्या पायथ्याशी बसले, तिच्या पायाचा अंगठा धरला आणि सावकाश हलवायला लागले. पुढं, मागं, पुढं, मागं.

सिस्टर सलाईन बघायला आली. म्हणाली, "हे काय करताय ताई? त्यांना आता काही कळत नाही."

"लेकरू झोळीत आहे," मी म्हणाले, आणि हलवत राहिले.