न वाकणारा पाय

गुरुबसप्पा अप्पांच्या समाधीचा खड्डा मी खणत होतो. आमच्यात मृताला मांडी घालून बसवतात. पण एकाहत्तरच्या लढाईत गोळी लागल्यापासून अप्पांचा डावा गुडघा वाकत नव्हता. फौजेतून आल्यावर लातुरात त्यांनी डाळमिल काढली. पाय लांब करून ते आम्हा हमालांबरोबर पोती शिवत. दुष्काळात वस्तीला विहीर खोदून दिली, तेव्हाही काठावर तसेच बसायचे.

"काका, नेहमीच्या मापानं खणा. लोक निघालेत," त्यांचा मुलगा राजशेखर म्हणाला.

"मग पाय मोडून बसवतो काय रे बापाला?"

खाली कडक मुरूम होता. अंत्ययात्रेचं भजन जवळ येत होतं. समोर दीड हात जास्त कोरून मी स्वतः पाय पसरून बसलो. माझा पाय मावला, पण अप्पा माझ्याहून वीतभर उंच.

"वेशीवरच थांबव त्यांना," मी म्हणालो आणि पुन्हा पहार उचलली.