वानखडे सरांनी मोजलेला पाऊस

वानखडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या ऑफिसात महिन्याचा तक्ता भरत होतो. कोणत्या महसूल मंडळात किती पाऊस, किती तापमान, आणि ते सरासरीपेक्षा कमी की जास्त. वीस वर्षं हेच काम करतोय. या आकड्यांवर शंका घेणारा एकच माणूस मला भेटला.

सर धामणगावजवळच्या खेड्यातले, निवृत्त विज्ञान शिक्षक. चार वर्षांपूर्वी ऑगस्टचा तक्ता घेऊन एसटीनं आले. त्यांच्या मंडळात पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी होता.

"साहेब, तुमचं यंत्र खोटं बोलून राह्यलं."

"काहून?"

"कडुलिंबाची फांदी आली त्याच्यावर. पाऊस आधी झाडाले भेटते, मंग तुमाले."

मला संशय आला. पाऊस कमी दिसला तर गाव दुष्काळाच्या यादीत येतं, मदत मिळते. जास्त लिहा म्हणणारा हा कोण? याला कुणी पाठवलं असेल... मी न कळवता त्यांच्या गावी गेलो. सरांनी शाळेच्या पटांगणात, उघड्यावर, दुसरं पर्जन्यमापक ठेवलं होतं. दोन्ही आकडे रोज वहीत शेजारी शेजारी लिहिलेले. सगळं एकाच बैठकीत तर लिहिलं नाही ना, म्हणून मी शाईसुद्धा निरखली. मग त्यांना विचारलं,

"तुमची जमीन कोणत्या मंडळात?"

"याच. पाच एकर कपाशी."

मी अहवाल दिला, फांदी तोडली गेली. सप्टेंबर 'सरासरीइतका' निघाला आणि गाव यादीतून गेलं. मग गावाला संशय आला, की मास्तरनं काय घेतलं? सर पारावर आले की माणसं उठून जायची, त्यांनी शिकवलेलीसुद्धा. मला ते एकदाच म्हणाले, "कमी पडला असता तं कमीच लिवला असता ना..." खातरजमा मी केली होती, हे मी गावात जाऊन सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. उगाच आपल्यावर बोट नको.

सर गेल्यावर महिन्याभरानं मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या पत्नी, काकू, ओसरीवर होत्या. खांबावरच्या तापमापकाकडे डोळे बारीक करून बघत होत्या. सरांच्या जागी आता त्या रोजचे पाऊस-तापमानाचे आकडे लिहितात. मी वहीसाठी हात पुढे केला. त्यांनी ती छातीशी धरली.

"तवा तुमी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "आकडा मी लिवते. तुमी फक्त पाहा, अन् खाली सही करा. पूर्ण नावानं."

मी चष्मा पुसला, पारा पाहिला, आणि सही केली. काकूंनी ती सही दोनदा वाचली.