हरला नाही, पण खेळला कोणाशी

बुधवारी सकाळी साडेसातला आम्ही दोघं सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसजवळ, खाण्याच्या गाळ्यांच्या एका हॉकर सेंटरमध्ये भांडायला बसायचो. तो वुडलँड्सहून एमआरटीच्या गाडीने यायचा, मी मरीन परेडहून बसने. भांडणाचा विषय कळला की ऑफिसातले बाकीचे मराठी लोक कपाळावर हात मारून घेत. अमेरिकेतल्या कॉलेजांचं फुटबॉल. चेंडू हातात धरून पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं, इथपासूनच आमच्या बायकांना ते अमान्य होतं.

हे वेड आम्हाला तिकडे शिकताना लागलं, एकाच खोलीत राहत असताना. पुढे सिंगापूरला एकाच बँकेच्या आयटी विभागात नोकरीला लागलो. मी मॅनेजर झालो, तो झाला नाही. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

खेळ समजला नाही तरी चालेल, भांडण तेवढं समजायला हवं. तिथे शंभराच्या वर टीम आहेत आणि प्रत्येकीच्या वाट्याला बाराएक सामने येतात. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. मग सगळ्यांत चांगल्या चार टीम कोणत्या, हे एक समिती बंद खोलीत बसून ठरवते आणि त्या चारांतून विजेता निघतो. समितीची यादी आमच्याकडे बुधवारी सकाळी यायची. पूर्वी कॉम्प्युटरचे आकडेही धरत असत. माझ्या मित्राला तेच परत यायला हवे होते. कॉम्प्युटरला कोणाचं तोंड दिसत नाही, असं तो म्हणायचा. मी समितीच्या बाजूचा. एकदाही न हरलेली टीम एकदा हरलेलीपेक्षा मोठी, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण ती सगळे सामने लिंबूटिंबूंशी खेळून जिंकली असेल तर? ‘हरली नाही, पण खेळली कोणाशी?’ हे माझं ठरलेलं वाक्य होतं. शिवाय ज्याचा एखाद्या टीमशी संबंध असतो त्याला त्या टीमच्या चर्चेच्या वेळी समिती खोलीबाहेर बसवते, हेही मी त्याला ऐकवायचो. तो म्हणायचा, दार बंद झाल्यावर आत काय चालतं ते तुला काय माहीत?

त्या वर्षी एक लहान टीम सगळे सामने जिंकली आणि तरीही तिला चारांत घेतलं नाही. माझ्या मित्राने ते इतकं मनाला लावून घेतलं की मला हसू आलं.

त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातली यादी करायची होती. दर वर्षी डिसेंबरात आम्ही सात मॅनेजर एका खोलीत बसून सगळ्यांना क्रम लावायचो. त्या वर्षी तळाच्या काही जणांना काढायचं, असं वरून ठरून आलं होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, बाहेर कोणाला नाही. दुपारपर्यंत तळाची एक जागा सोडून बाकी सगळं उरकलं. त्या जागेसाठी दोन नावं उरली. एक माझ्या टीममधला इंजिनिअर. हुशार होता, अवघड कामं अंगावर घ्यायचा आणि त्यातलंच एक त्या वर्षी त्याच्या हातून चांगलंच बिघडलं होतं. दुसरा माझा मित्र. तो दुसऱ्या मॅनेजरच्या हाताखाली एक जुनी सिस्टिम सांभाळायचा. पाच वर्षांत ती एकाही सकाळी बंद सापडली नव्हती. त्याचा मॅनेजर नवा होता, त्याने एवढंच सांगितलं.

मला माझा माणूस वाचवायचा होता. तो गेला असता तर त्याचं काम माझ्या गळ्यात पडलं असतं, हे खरं कारण. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य आपोआप बाहेर आलं. इंग्रजीत म्हणालो, हा हरलेला नाही हे मान्य, पण खेळला कोणाशी? सोपी सिस्टिम, सोपे दिवस. लोक हसले. त्यांना ते पटलं, किंवा जेवायला उशीर झाला होता. दोन मिनिटांत ठरलं.

दोघांपैकी एक माझ्या हाताखालचा आणि दुसरा माझा जिवलग. मीच त्याला ऐकवलेल्या नियमाप्रमाणे मी उठून बाहेर जायला हवं होतं. मला कोणी जा म्हटलं नाही आणि मी उठलो नाही. मी त्या दिवशी नीच वागलो.

त्यानंतर तीन बुधवार मी त्याच्यासमोर बसून कॉफी प्यायलो. जानेवारीत त्या वगळलेल्या टीमच्या विद्यापीठाने स्वतःच स्वतःला विजेता जाहीर केलं, मिरवणूकसुद्धा काढली. तो लहान मुलासारखा खूश झाला, फोनवरचा व्हिडिओ मला पुन्हा पुन्हा दाखवत राहिला. पुढच्याच सोमवारी त्याला बोलावून नोकरी गेल्याचं सांगण्यात आलं. नोकरीसोबत मिळालेला राहण्याचा पास रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. ते ऐकून त्याच्या मुलीने सिंगापुरी इंग्रजीत एवढंच विचारलं होतं, “देन माय स्कूल हाउ?”

शेवटच्या बुधवारी तो वुडलँड्सहून मुद्दाम आला.

“तू त्या खोलीत होतास,” तो म्हणाला. “माझं कसं ठरलं?”

“आकड्यांवरून,” मी म्हणालो. “एक शीट होतं, त्यानेच क्रम लावला. आमच्या हातात काही नव्हतं.”

त्याने मान हलवली. त्याचे खांदे सैल पडलेले मला दिसले.

“मग ठीक आहे,” तो म्हणाला. “कोणी बसून ठरवलं असतं ना, तर मला सहन झालं नसतं.”

खरोखर आकड्यांवरून ठरलं असतं तर तो यादीत माझ्याही वर आला असता. नेहमीप्रमाणे दोघांचे कप त्यानेच उचलून ट्रे ठेवायच्या जागी नेले.

ते तिघं निघाले त्या दिवशी मी सकाळी त्यांच्या इमारतीखाली गेलो. तो मुलीला घेऊन टॅक्सीत बसला होता. वहिनी माझ्यापाशी थांबल्या.

“बरं झालं, तुम्ही होतात तिथे,” त्या म्हणाल्या. “खरं काय ते तुमच्याकडून कळलं. नाहीतर हा जन्मभर कुढत बसला असता.”

मी उरलेली बॅग डिकीत ठेवली आणि दार लावलं.