बागेच्या कोपऱ्यावरची मोजणी

तिने विचारलं होतं, "कुठून जायचं?" आणि मी हातातल्या पेनाने रस्त्याकडे दाखवून म्हटलं होतं, "इथून." एवढंच. पण ही गोष्ट मी बरेच महिने कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. मुळात मी बोलतोच कमी, त्यामुळे मी काही दडवतोय असं कोणाला वाटलंही नाही.

मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात अभियंता आहे. वय बावन्न. आमच्या गावात एकच बाग आहे, चारही बाजूंनी रस्ते. त्या रस्त्यांवर सगळंच एकत्र चालतं: शाळेच्या सायकली, केळीचे पिकअप, उसाचे ट्रॅक्टर, रिक्षा. बाग आतून लहान, म्हणून सकाळी फिरणारे तिला बाहेरून फेऱ्या मारतात. आमची पोटं सुटलेली, बूट पांढरे. हो, मीही त्यांच्यातलाच. माझे मोठे भाऊ तर त्या फिरणाऱ्यांच्या मंडळाचे पुढारी.

बागेच्या मागच्या कोपऱ्यावर डोंगरातल्या धडगाव-तळोद्याकडच्या जीप येऊन लागतात. हंगामात त्यातून बायका उतरतात, मिरचीच्या पथारीवर कामाला. पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मैदान; तिथे बसून दिवसभर देठ खुडायचे. जीपमधून उतरायचं, रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या गल्लीने पथारीवर जायचं, असा त्यांचा क्रम. त्या कधी घोळक्याने चालत नाहीत. एकामागे एक, एका ओळीत. डोंगरातली पायवाट एका माणसापुरती असते, तीच सवय डांबरावरही. पुढची बाई वाट बघते आणि मागच्या तिच्या टाचा बघतात. हे मी रोज बघत होतो. त्याचा अर्थ मात्र फार उशिरा लागला.

बागेभोवतीचे रस्ते नव्याने करायचे ठरले. रुंद पदपथ, सायकलींसाठी वेगळी पट्टी, आणि एका ठिकाणी उंच केलेला पट्टा, ज्यावर गाडीला वेग कमी करावाच लागतो. पट्टा एकच होणार होता. तो कुठे, हे मोजणीवरून ठरणार होतं. सल्लागारांनी पुण्याहून छापील तक्ते पाठवले: कोणत्या जागी किती माणसं चालतात. तक्त्याच्या डोक्यावर दोन सूचना स्वच्छ मराठीत होत्या. तोच माणूस पुन्हा दिसला तर पुन्हा मोजू नये. आणि गट दिसला तर एक खूण करून शेजारी माणसांची संख्या लिहावी.

बागेच्या मुख्य फाटकाची आणि मागच्या कोपऱ्याची मोजणी मीच केली. पहिल्या सकाळी फाटकाजवळ कठड्यावर बसलो होतो. भाऊ एक फेरी मारून समोरून गेले. दुसऱ्या फेरीला त्यांनी वाकून तक्त्यात बघितलं.

"मन्ही एकच खूण?"

"माणूस एकच आहे ना, भाऊ."

"फेरी मारी का खूण मार, भो. पाय त्याच शेतस, पन घाम तं दर फेरीले नवा शे!"

मागचे सगळे हसले. मीही हसलो. आणि खूण मारली. मग त्यांच्यामागच्याची, मग त्याच्यामागच्याची. सगळ्यांना पट्टा फाटकासमोर हवा होता, तिथे त्यांच्या गाड्या लागतात. एकेक माणूस पाच-पाच, सहा-सहा वेळा कागदावर चढला. स्वतः फेऱ्या मारत नव्हतो त्या दिवशी, एवढाच माझा प्रामाणिकपणा.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर. हातात चहा होता. जीप आली, बायका उतरल्या आणि ओळ धरून निघाल्या. मी एक खूण मारली. शेजारचा रकाना रिकामा ठेवला. मनात म्हटलं, नंतर भरू. दुसरी जीप, दुसरी खूण. तो रकाना मी कधीच भरला नाही. डोकी मोजायला चहा खाली ठेवावा लागला असता.

एका ओळीच्या पुढे असलेली बाई माझ्याजवळ थांबली. चाळिशीची असेल. डोक्याला फडकं, कमरेला भाकरीचं गाठोडं. डोंगरातली माणसं साहेबालाही तू म्हणतात.

"काय लिहितो, साहेब?"

"तुमच्यासाठी रस्ता करायचाय. चांगला पट्टा येणार, गाड्या थांबतील."

"कुठून जायचं मग?"

"इथून," मी म्हटलं आणि पेनाने दाखवलं.

तिने वळून मागच्या बायकांना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांनी माना हलवल्या, मग हसत एकामागे एक गेल्या.

तक्ते गेल्यावर सल्लागारांचा फोन आला. "सर, मागच्या कोपऱ्यावर एवढी कमी माणसं? तिथे जीप लागतात ना?"

इथे मी खरं सांगू शकलो असतो. दोन वाक्यांचं काम होतं.

"हो," मी म्हणालो, "पण चालणारं तिथे कोणी नसतं."

पट्टा फाटकासमोर झाला. कोपऱ्यावर लोकांनी मध्येच घुसू नये म्हणून पदपथाला लोखंडी कठडा लागला. रस्ता देखणा दिसायला लागला. फाटकाशी गाड्या हळू व्हायच्या आणि कोपऱ्यावर समोर मोकळं बघून सुटायच्या. बायकांनी वाट बदलली नाही. त्या जीपमधून उतरून कठड्याखालून वाकून निघायच्या आणि तिथूनच ओलांडायच्या. मला वाटायचं, ऐकतच नाहीत, अडाणी आहेत. अगदी असंच वाटायचं.

पुढच्या मिरचीच्या हंगामात, सकाळची वेळ. मी फेरीला होतो. कोपऱ्याच्या अलीकडे असताना आवाज आला. ब्रेकचा नाही. ब्रेकचा आवाज नंतर आला.

केळीचा पिकअप आडवा झाला होता. कच्चे घड रस्त्याभर. मला विचारणारी तीच बाई पुढे होती, म्हणून तिलाच लागलं. मांडीपासून पाय भलत्याच बाजूला वळलेला. मला जे अजून दिसतं ते तिचं पडणं नाही. बाकीच्या बायका पळाल्या नव्हत्या, ओरडत नव्हत्या. ओळीतच उभ्या होत्या, एकीमागे एक, नजर खाली, जिथे तिच्या टाचा असायला हव्या होत्या तिथे. मी पहिल्यांदा त्या मोजल्या. अकरा. ती धरून बारा. माझ्या तक्त्यात त्या सगळ्या मिळून एक खूण होती.

मी धावलो, रिक्षा थांबवली, तिला उचलायला हात लावला. मला तिला नीट धरता येईना, तेव्हा एका बाईने मला बाजूला सारलं आणि स्वतः उचललं.

दुपारी सरकारी दवाखान्यात गेलो. पाय ओढून बांधला होता. शेजारी एक हवालदार जबाब लिहून घेत होता.

"फाटकाजवळ पट्टा आहे. तिथून का नाही गेली?"

"साहेबाने इथून सांगितलं."

"कोणत्या साहेबाने?"

तिने मान वळवली आणि तिला मी दिसलो. चेहरा उजळला. खरंच उजळला, ओळखीचं माणूस आल्यासारखा. "तू बोलला होता ना, साहेब. इथून जा."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी कॉटचा लोखंडी दांडा धरला, तो गार होता. मला वाटलं होतं, त्यांना सवय आहे म्हणून त्या तिथून जातात. त्या माझ्या शब्दावर जात होत्या. पट्टा दिसत नव्हता, कठडा आडवा आला होता, तरी त्या वाकून जात होत्या. साहेबाने सांगितलंय म्हणजे इथूनच असणार.

मी दांड्याकडेच बघत राहिलो.

हवालदाराने क्षणभर वाट बघितली. मग लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "चुकीच्या जागेवरून रस्ता ओलांडला." तिचा अंगठा घेतला. ती माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. आपण माणूस चुकून ओळखला की काय, असं काहीसं होतं.

घरी आलो. बायकोने ताट वाढलं. घास तोंडापर्यंत जाईना.

"काय व्हयनं? बूट बी नही काढात?"

मी बूट काढले नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं. पांढरे बूट, त्यावर केळीचा चीक सुकून काळा झालेला. मी तिला सगळं सांगितलं. तक्ता, भाऊंच्या फेऱ्या, फोन, पेन, दवाखाना. शेवटी ती म्हणाली, "आन तुम्ही तठे उभा ऱ्हायनात, गुपचूप? ती बाई खोटी पडनी ना मंग."

पाय मोडला, असं ती म्हणाली नाही. खोटी पडली, असं म्हणाली. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो आणि हवालदाराला सांगितलं, "तो साहेब मी." त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं. "मग काल काय तोंडात मिठाची गुळणी होती?" माझा जबाब घेतला. तिथून मुख्याधिकारी मॅडमकडे. जुन्या तक्त्यांच्या प्रती टेबलावर ठेवल्या, सोबत माझा लेखी कबुलीजबाब. त्यांनी तो दोनदा वाचला. "तुम्हाला नोटीस निघेल, कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय, फक्त कोपऱ्याची मोजणी पुन्हा करा, आणि मला करू देऊ नका. त्या म्हणाल्या, "करू तर देणारच नाही."

भाऊ संध्याकाळी घरी आले. "आते नोकरीना शेवटे शेवटे तुले काय सुचनं? मन्ह्या फेऱ्या बी सांगी टाक्यात का?" मी हो म्हटलं. ते चहा न घेता गेले. अजून समोरून गेले की घाम पुसतात आणि दुसरीकडे बघतात.

नवी मोजणी झाली. कठडा कापला गेला, कोपऱ्यावर उंच पट्टा झाला. पांढरे पट्टे, दोन्हीकडे पाट्या. नोटिशीनंतर माझी वेतनवाढ थांबली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

या हंगामात पहिली जीप लागली तेव्हा मी तिथे जाऊन उभा राहिलो. कोणी पाठवलं नव्हतं. ती उतरली. हातात बांबूची काठी, डावा पाय ओढत. मागे ओळ लागली. तिने मला बघितलं आणि पट्ट्याकडे बघितलं, पण ती त्यावर आली नाही. कडेने फाटकाच्या दिशेने वळली. त्या पायाने तिला बागेला वळसा घालून, हवालदाराने सांगितलं होतं तिथूनच, फाटकाजवळून ओलांडायचं होतं. मागच्या सगळ्या तिच्या टाचा बघत वळल्या.

मी पुढे होऊन म्हणालो, "बाई, आता इथे पट्टा झालाय. गाड्या थांबतात. इथून जा."

बोलल्यावर मला कळलं की मी परत तेच वाक्य बोललो. हातही तसाच उचलला होता.

ती थांबली. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली.

"पहिला तू चाल," ती म्हणाली.

मी पट्ट्यावर पाय ठेवला. उजवीकडून ट्रॅक्टर येत होता, उसाने भरलेला. मी एवढ्या वर्षांचा अभियंता, उतार काढणारा, उंची काढणारा, पण तो थांबेल की नाही हे मला खरोखर ठाऊक नव्हतं. मागे काठीचा आवाज आला, टक, आणि त्यामागे बारीक बारीक पावलं. माझ्या टाचांवर सगळ्यांची नजर होती, ती मला पाठीत जाणवत होती.

ट्रॅक्टर हळू झाला. ड्रायव्हरने वाकून शिवी दिली, मलाच दिली.

मी पलीकडे पोचेपर्यंत मागे वळून बघितलं नाही. पुढच्याने वाट सोडून मागे बघायचं नसतं.